ताहिनास्तेसाठी तेनेरिफेला: पाच दिवसांची नोंद

एकदाच फुलून मरणाऱ्या वनस्पती शिकवताना मी फळ्यावर नेहमी दोनच नावे लिहीत असे, बांबू आणि कारवी. तिसरे नाव मला निवृत्तीनंतर मिळाले, तेही जर्मनीत राहणाऱ्या आमच्या मुलीने, सईने, पाठवलेल्या एका छायाचित्रातून. तपकिरी दगडमातीच्या उजाड पठारावर माणसाच्या दीडपट उंचीचा, लालभडक आणि वर निमुळता होत गेलेला एक फुलोरा उभा होता आणि त्याच्यामागे ज्वालामुखीचा शंकू दिसत होता. खाली तिने एवढेच लिहिले होते, "आई, हे फूल आहे की झाड?"

ही वनस्पती म्हणजे ताहिनास्ते. शास्त्रीय नाव एकियम विल्डप्रेटिआय. कॅनरी बेटे आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर असली तरी राज्य स्पेनचे आहे, आणि त्यांपैकी तेनेरिफे बेटावरील तेइदे पर्वताचा उंच, कोरडा परिसर हे तिचे मूळ घर. शेजारच्या ला पाल्मा बेटावर तिचा गुलाबी फुलांचा उपप्रकार आढळतो. बहर साधारणपणे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत असतो, म्हणून आम्ही मेचा शेवटचा आठवडा निवडला. विमान, गाडी, राहण्याची ठिकाणे हे सारे सईने ठरवले आणि ते सुरळीत पार पडले, त्यामुळे त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. शेंगेन व्हिसा या बेटांवर चालतो आणि तेथील घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे असते, एवढे दोन तपशील मात्र नोंदवून ठेवावेत.

पहिला दिवस: दक्षिणेकडून उत्तरेकडे

विमान बेटाच्या दक्षिण टोकाला उतरले तेव्हा खाली माण-खटावची आठवण यावी असा रखरखीत मुलूख दिसत होता. मोटारीने तासाभरात आम्ही बेटाच्या उत्तर अंगाला पोहोचलो, तर तेथे केळीच्या बागा, ओली हवा आणि डोंगराच्या कमरेवर टेकलेला ढगांचा जाड थर. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे बाष्प घेऊन उत्तरेच्या उतारावर आदळतात आणि दक्षिण बाजू कोरडी राहते. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे आपण जे पाहतो तेच हे, फक्त दिशा वेगळ्या. तेइदे कुठे दिसतो म्हणून ह्यांनी खिडकीतून बराच वेळ शोध घेतला, पण ३७१५ मीटर उंचीचा, साऱ्या स्पेनमधला सर्वांत उंच पर्वत त्या दिवशी आम्हाला दिसलाच नाही.

मुक्काम पुएर्तो दे ला क्रूस या किनाऱ्यावरच्या गावी होता. रात्री 'पापास आरुगादास' खाल्ले. लहान बटाटे सालीसकट भरपूर मिठाच्या पाण्यात उकडतात आणि पाणी आटवून सालीवर सुरकुत्या व मिठाची पांढरी पुटे आणतात. सोबत येणारा लाल 'मोहो' म्हणजे सुकी लाल मिरची, लसूण, जिरे, तेल आणि व्हिनेगर यांचे वाटण. ह्यांनी पहिला घास घेऊन जाहीर केले की ही आपल्या लसणीच्या चटणीची मावसबहीण आहे, आणि पुढचे चार दिवस त्यांनी प्रत्येक जेवणात तिची विचारपूस केली.

दुसरा दिवस: बाग आणि वाळूचा गालिचा

सई मला थेट वर न्यायला निघाली होती, पण आधी ज्याचे नाव या वनस्पतीला मिळाले त्याची बाग पाहावी असा माझा आग्रह होता. पुएर्तो दे ला क्रूसमधील वनस्पती उद्यान १७८८ साली राजा तिसरा कार्लोस याच्या आज्ञेने स्थापन झाले. अमेरिका आणि आशियातील उष्ण हवेची झाडे आधी येथे रुळवायची आणि मग स्पेनच्या मुख्य भूमीवरील राजेशाही बागांत न्यायची, अशी ती योजना होती. मुख्य भूमीवरच्या थंडीने ती योजना फसली, झाडे मात्र येथेच राहिली आणि अवाढव्य वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेर्मान विल्डप्रेट या स्विस माळ्याने ही बाग दीर्घकाळ सांभाळली आणि ताहिनास्तेचे शास्त्रीय नाव १९०२ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा ते त्याच्या नावावरून ठेवले गेले. राजाच्या नावाची झाडे पुष्कळ असतात. माळ्याच्या नावाचे झाड पाहायला आपण निघालो आहोत, याचे मला बरे वाटले.

दुपारी जवळच्याच ला ओरोतावा गावात गेलो आणि तेथे या सहलीतले पहिले आश्चर्य भेटले. नगरपालिकेसमोरच्या चौकावर मोठे कापडी छत ताणलेले होते आणि त्याखाली काही माणसे गुडघ्यांवर बसून, मूठ किंचित सैल करून, जमिनीवर रंगीत माती सोडत होती. कॉर्पस क्रिस्ती या सणाच्या निमित्ताने हा गालिचा घालतात. गावात फुलांचे गालिचे घालण्याची प्रथा १८४७ पासूनची आहे, पण चौकातला हा मोठा गालिचा तेइदेवरून आणलेल्या मातीचा आणि वाळूचा असतो, त्यात कृत्रिम रंग घालत नाहीत, आणि तो पुरा व्हायला कित्येक आठवडे लागतात. शेजारी पिपांत ओळीने ठेवलेली माती पाहिली: काळी, गेरूसारखी, विटकरी, पिवळट, करडी, हिरवट झाक असलेली. कडेला उभ्या असलेल्या एका आजोबांनी सईला विचारले की, तुझी आई एवढी काय निरखते आहे? आमच्याकडे दिवाळीत दारात हेच करतात आणि चिमटीतून रांगोळी सोडतात, असे तिने सांगितल्यावर त्यांनी माझ्यापुढे पिपातली चिमूटभर माती धरली. मी फरशीच्या कडेला, गालिच्यापासून दूर, एक छोटे स्वस्तिक काढायला घेतले आणि युरोपात त्या आकृतीचा अर्थ काय होतो हे वेळीच आठवून त्याचे कमळ केले. आजोबांना कमळ आवडले.

उद्या ज्या जमिनीवर चालायचे, ती जमीन आदल्या दिवशीच अशी रंगांनुसार वेगळी करून पाहायला मिळाली. वर गेल्यावर प्रत्येक उताराचा रंग ओळखू येत होता.

तिसरा दिवस: ढगांच्या वर

सकाळी साडेसातला निघालो. ला ओरोतावा सोडल्यावर रस्ता वळणे घेत चढतो आणि हजारेक मीटरच्या आसपास ढगात शिरतो. गाडीचे वायपर चालू करावे लागले, पण पाऊस नव्हता. कॅनरी पाइनच्या लांब सुया ढगातले पाणी टिपून घेत होत्या आणि झाडाखालचा रस्ता तेवढाच ओला होता. या पाइनच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात येतात आणि वणव्यात खोड भाजले तरी त्यातून पुन्हा कोंब फुटतात. बेटावर २०२३ च्या ऑगस्टमध्ये मोठा वणवा लागला होता. काळ्या खोडांवर हिरवी लव फुटलेली झाडे आम्ही पाहिली.

मग एका वळणावर ढग संपले, तेही हळूहळू विरत नाही, तर दार उघडून बाहेर यावे तसे. वर गडद निळे आकाश, समोर तेइदे, आणि मागे वळून पाहिले तर ढगांचा पांढरा समुद्र आपल्या पायाखाली. ताहिनास्तेचे सारे गणित या एका वळणात आहे. वाऱ्यांनी आणलेले बाष्प या उंचीपर्यंतच चढते. त्याच्यावर उष्ण, कोरड्या हवेचे झाकण असते. झाकणाच्या वर पाऊस थोडा, ऊन प्रखर, रात्री गार आणि हिवाळ्यात बर्फ. चहूकडे समुद्र असूनही ही वनस्पती वाळवंटात राहते.

एल पोर्तियो येथील माहिती केंद्राभोवती स्थानिक वनस्पतींची एक बाग आहे. वर जाण्यापूर्वी तेथे तासभर घालवावा. तेथील एका कर्मचारी बाईंनी सईमार्फत माझ्या प्रश्नांना मनापासून उत्तरे दिली. या बेटांवर एकियमच्या वीसहून अधिक जाती अशा आहेत ज्या जगात इतरत्र नैसर्गिकरीत्या वाढत नाहीत. मुख्य भूमीवरून आलेल्या, गुडघ्याएवढ्या साध्या रोपांपासून त्या उत्क्रांत झाल्या आणि बेटावर आल्यावर त्यांनी झुडपांची, मनोऱ्यांची रूपे घेतली. पूर्वी उन्हाळ्यात गुराखी शेळ्यांचे कळप येथे चरायला आणत. स्पॅनिशांच्या आधी येथे राहणाऱ्या ग्वांचे लोकांपासूनची ती रीत. शेळ्यांमुळे ताहिनास्ते फार विरळ झाला होता. १९५४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, चराई थांबली आणि तो पुन्हा पसरला. आता त्रास आहे तो सशांचा आणि शिकारीसाठी मुद्दाम आणून सोडलेल्या मुफ्लॉन या रानमेंढ्यांचा. "कोवळे रोप पहिल्या वर्षी वाचले पाहिजे," असे त्या बाई दोनदा म्हणाल्या.

पहिला ताहिनास्ते मी पाहण्याआधी ऐकला. गाडीतून उतरून चार पावले टाकली तोच एखाद्या रोहित्राजवळ असावी तशी घुमणारी गुणगुण कानावर आली, आणि खडकाच्या आडून तो समोर आला. ह्यांनी हात वर केला तरी शेंडा त्याहून वर राहिला. ही उंची तीन मीटरपर्यंत जाते. दुरून जो अखंड लाल खांब दिसतो, तो जवळून पाहिला की शेकडो लहान लहान वळलेल्या फुलोऱ्यांचा बनलेला असतो. प्रत्येक फुलोरा विंचवाच्या नांगीसारखा आत वळलेला, आणि तो उलगडेल तशी फुले उमलतात. अशा फुलोऱ्याला आम्ही वृश्चिकाकार म्हणतो आणि वर्गात दाखवायला शेताच्या बांधावरची भुरुंडी उपटून आणतो. भुरुंडीचीच ही बोरॅजिनेसी कुळातली नातलग, पण तिला जणू कोणी सांगितले असावे की, आयुष्यात एकदाच बोलायचे आहे, तेव्हा मोठ्याने बोल. भिंगातून एक फूल पाहिले: गुळगुळीत नाही, बाहेरून लव असलेले, आणि पाकळ्यांच्या पुढे आलेले पुंकेसर. मधमाश्या एका फुलोऱ्यावरून दुसऱ्यावर फिरत्या जिन्याने जाव्यात तशा वर चढत होत्या. लाल रंग आणि भरपूर मध यांचा पक्ष्यांशी संबंध असावा असे अभ्यासक मानतात, आणि खरोखरच एक लहान, हिरवट-तपकिरी पक्षी चोच खुपसून गेला.

मला खरी ओढ होती ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. मनोऱ्याच्या पायाशी, दगडांच्या मधोमध, रुपेरी पानांचे गुच्छ जमिनीला टेकून बसलेले होते. अरुंद, लांब पाने एकाच बिंदूपासून चक्राकार निघालेली, आणि प्रत्येक पानावर इतके दाट पांढरे केस की मूळचा हिरवा रंग राखाडी होऊन जातो. भिंगाखाली प्रत्येक केस एका सूक्ष्म फुगीर गाठीतून निघालेला दिसतो. हे केस ऊन परतवतात आणि पानालगतची हवा स्थिर ठेवून पाणी उडू देत नाहीत. ताहिनास्तेचे पहिले वर्ष, कधी कधी त्याहून अधिक काळ, या रूपात जातो. पुरेसा साठा झाला की एका वसंतात मधला कोंब उठतो, काही आठवड्यांत माणसाच्या वर जातो, फुलतो, बी धरतो आणि संपूर्ण झाड वाळते. वाळलेला सांगाडा मात्र उभाच राहतो. त्यामुळे एकाच ठिकाणी तीन पिढ्या दिसतात: करडा, किंचित वाकलेला, काटेरी झालेला गेल्या सालचा खांब, यंदाचा लाल मनोरा, आणि खाली न बोलता बसलेले पुढच्या सालचे गुच्छ.

पर्यटकांचे सारे कॅमेरे मधल्या पिढीवर रोखलेले असतात आणि त्यांचे पाय तिसऱ्या पिढीवर पडतात. आमच्यासमोर एक तरुण छायाचित्रासाठी मागे मागे सरकत गुच्छावर टाच टेकवणार तोच मी वर्गातल्या आवाजात ओरडले, "अरे, पाय बघ!" त्याला मराठीचे एक अक्षर कळत नसणार, पण तो एका पायावर थबकला, खाली पाहिले, आणि हात जोडल्यासारखे करून वाटेवर परत गेला. सईला हसू आवरेना.

येथे काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. नऊच्या आत पोहोचावे. त्यानंतर रस्त्याकडेच्या वाहनतळांवर जागा मिळत नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या आत पेट्रोल पंप नाही, म्हणून खालूनच टाकी भरून घ्यावी. जेवणाची ठिकाणे मोजकी आहेत. पाणी आणि डबा सोबत असलेला बरा. समुद्रसपाटीवरून दीड तासात आपण २००० मीटरच्या वर येतो, त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पहिला तास सावकाश चालावे. ऊन गार वाऱ्यात जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक सोलून निघते. आणि वाळलेल्या खांबाला हात लावू नये. ह्यांनी तो लावला, आणि न दिसणारी कुसळे बोटांत घेऊन दिवसभर अस्वस्थ राहिले. शेवटी विलाफ्लोरच्या मुक्कामी चिकटपट्टी बोटांवर दाबून ओढल्यावर ती निघाली.

चौथा दिवस: धूळ, वारा आणि मध

विलाफ्लोर हे दक्षिण उतारावरचे, १४०० मीटरच्या आसपासचे छोटे गाव. सकाळी उठलो तर आकाश गढूळ पिवळट झालेले. सहारा वाळवंट समुद्रापलीकडे फार लांब नाही, आणि तिकडून कधी कधी धुळीचा वारा येतो, त्याला येथे 'कालिमा' म्हणतात. रोपवेने ३५५५ मीटरपर्यंत जायचा बेत होता, पण वाऱ्यामुळे तो बंद असल्याचे कळले. मे-जूनमध्येही असे होते, म्हणून रोपवेचा दिवस मुक्कामाच्या अगदी शेवटी ठेवू नये. रोपवेच्या वरच्या टोकापासून शिखरावर चालत जायला वेगळी परवानगी लागते आणि ती बरीच आधी मिळवावी लागते.

आम्ही त्याऐवजी रोकेस दे गार्सिया या सुळक्यांभोवतीची वाट धरली. वाटेचा पहिला भाग सोपा आहे. शेवटचा चढ मात्र गुडघ्यांची परीक्षा पाहतो, आणि मी ती काठावर उत्तीर्ण झाले. या भागात ताहिनास्ते कमी, पण रेतामा नावाचे झुडूप सर्वत्र पांढरे फुललेले होते आणि त्याचा मधाळ वास त्या धुळीतूनही येत होता. दगडावर एक काळसर सरडा, गालाजवळ निळे ठिपके असलेला, आमच्या डब्याकडे टक लावून बसला होता. त्यांना काही खायला घालू नये अशी पाटी तेथे आहे, आणि ती त्या सरड्याने वाचलेली नव्हती.

दुपारी विलाफ्लोरला परतून एका लहानशा दुकानात मध घ्यायला गेलो. बहराच्या दिवसांत मधपाळ परवानगीने पेट्या वर नेऊन ठेवतात, आणि दुकानातल्या बाईंचा भाऊ त्यांपैकी एक होता. त्यांनी दोन चमचे पुढे केले. रेतामाचा मध फुलांच्या वासाचा. ताहिनास्तेचा फिकट, सौम्य, घशाशी रेंगाळणारा. हिवाळ्यात पाऊस किंवा बर्फ कमी झाले तर त्या साली मनोरे थोडे उठतात आणि मधही थोडा मिळतो, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या घराण्यात ढग पाहून नाही, तर एप्रिलमध्ये वर जाऊन गुच्छांचे मधले कोंब मोजून अंदाज बांधतात.

त्याच दुकानात 'गोफिओ' मिळाला: भाजलेल्या धान्याचे पीठ, ग्वांचे लोकांपासून चालत आलेले. मी पिशवी उघडून वास घेतला आणि माझ्या आजोळच्या सातूच्या पिठाचा डबाच समोर आला. बाईंनी ते मधात मळून त्याचा गोळा करून दिला. आम्ही दूध, गूळ आणि वेलदोडा घालतो हे ऐकून त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावे: हॉटेलात गोफिओचा 'एस्काल्दोन' मागवाल तर तो बहुधा मासळीच्या किंवा मांसाच्या रश्श्यात कालवलेला असतो, आधी विचारावे.

रात्री बूट झटकताना माझ्या मोज्याच्या विणीत अडकलेल्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या, खडबडीत, करड्या दोन बिया सापडल्या. भिंगाखाली धरल्या. या कुळात एका फुलामागे जास्तीत जास्त चार अशा बिया धरतात, आणि या दोन बहुधा गेल्या सालच्या एखाद्या खांबाखालून माझ्यासोबत आल्या होत्या. ह्यांनी कुंडीचा विषय काढला. पुण्याच्या गॅलरीत तो कुठला जगतो, आणि येथून काही नेणे नियमाविरुद्धच आहे, असे मी म्हणाले. तरी बिया मी लगेच टाकल्या नाहीत, कागदाच्या घडीत ठेवल्या.

पाचवा दिवस: परत वर

विमान दुपारचे होते आणि विमानतळ खाली, दक्षिणेला. सकाळी सामान गाडीत भरल्यावर सईने गाडी खाली न वळवता वर वळवली. "आई, अर्ध्या तासाचाच तर रस्ता आहे," असे ती म्हणाली. ह्यांनी घड्याळाकडे पाहिले, पण बोलले काही नाही.

धूळ रात्रीतून निवळली होती. इतक्या सकाळी वाहनतळावर आमच्याखेरीज कोणीच नव्हते आणि मधमाश्याही अजून उठल्या नव्हत्या. मनोरे प्रथमच गप्प होते. गुच्छांच्या केसांवर तिरपे ऊन पडून ते चांदीच्या वर्खासारखे दिसत होते. मी वाटेवरूनच वाकले, कागदाची घडी उघडली, आणि एका वाळलेल्या खांबाच्या दिशेने, दगडांच्या आडोशाला, दोन्ही बिया झटकल्या. मग सईच्या सांगण्यावरून दोघांनीही बूट काढून आपटले. ह्यांच्या बुटातून आणखी एक निघाली.